मोटारीचें डोकें : जुन्या इंजिनाला दुसरें हेड निवडतांना



मोटारीच्या इंजिनावर जें जड झांकण बोल्टांनीं आवळून बसविलेलें असतें, त्याला सगळे मिस्त्री 'हेड' म्हणतात. शब्द परका खरा, पण आतां तो आपल्या बोलण्यांत इतका रुळला आहे कीं, एका भर दुपारीं जालना रस्त्यावर माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें, "गुरुजी, हेड गेलं तुमचं," असें मला तोंडावर सांगितलें, तेव्हां शेजारीं बसलेल्या माझ्या वहिनींना त्या उन्हांतहि हंसूं आवरलें नाहीं. छत्तीस वर्षें मुलांना तेंच निराळ्या शब्दांत सांगत आल्यामुळें मीहि तें मुकाट्यानें सोसलें. त्या गेलेल्या हेडाच्या जागीं दुसरें कोणतें बसवावें, हा प्रश्न सोडवितांना मला जें शिकावें लागलें, तें आज आपल्यापुढें ठेवतों. यांतील एक धडा मला पैसे भरून मिळालेला आहे.

प्रसंग २०२४ च्या वैशाखांतला. माझ्या थोरल्या बंधूंनीं १९८४ च्या दिवाळींत एक प्रीमियर पद्मिनी मोटार घेतली होती. बंधु आतां नाहींत. त्यांच्या मागें ती विकून टाकावी असें घरांतील तरुण मंडळींचें मत पडलें, परंतु वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, एवढी एक गाडी राहूं द्या. बाकी काय मोडायचं तें मोडा." म्हणून ती करमाडला माझ्या अंगणांत आली. खासगी मोटारीला १५ वर्षें पुरीं झालीं म्हणजे पुढें दर ५ वर्षांनीं तिची तपासणी करवून नोंदणी नवी करून घ्यावी लागते, आणि ती मुदत त्याच दिवाळींत भरत होती. अशा स्थितींत वहिनींना डोळे दाखविण्यासाठीं जालन्यास नेत असतां बदनापूरच्या अलीकडे बॉनेटखालून वाफ येऊं लागली, गाडीचा जोर गेला आणि ती थांबली. तेल मोजण्याची पट्टी ओढून पाहिली, तों तिच्यावर तेलाऐवजीं दूध घातलेल्या कॉफीसारखा फेंस. पाणी तेलांत उतरलें होतें. मिस्त्रींनीं निदान केलें तें यावरूनच.

ही मोटार बहुतेकांच्या परिचयाची आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ त प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली; तिचा कारखाना मुंबईंत कुर्ल्यास होता. इटलीच्या फियाट कंपनीची ११०० जातीची मोटार त्या कारखान्यांतून १९६४ पासून 'डिलाइट' या नांवानें निघूं लागली आणि १९७४ पासून तिला 'पद्मिनी' म्हणूं लागले. या शतकाच्या आरंभीं तिचें उत्पादन बंद पडलें. मुंबईंतील काळ्या-पिवळ्या टॅक्सींपैकीं शेवटच्या पद्मिनीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची; टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या जातीच्या टॅक्सी रस्त्यावरून नाहींशा झाल्या. म्हणजे माझी गाडी बंद पडली ती नेमकी अशा वेळीं, कीं तिचे सुटे भाग करणारा मूळ कारखाना उरला नव्हता, आणि मोडींत निघालेल्या टॅक्सींचे भाग मात्र बाजारांत भरपूर होते. आमच्या करमाडाला लागूनच शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे, तेथें स्कोडा मोटारींचा कारखाना २००१ त सुरू झाला. पलीकडे वाळूजला बजाजच्या दुचाकी होतात. मोटारींच्या कारखान्यांच्या अशा शेजारांत राहूनहि चाळीस वर्षांच्या गाडीचें एक झांकण मिळण्यास मुंबई गांठावी लागते, याचें मला त्या वेळीं मोठें नवल वाटलें.

आतां हें हेड करतें काय, तें पाहूं. इंजिनाच्या ठोकळ्यांत चार गोल पोकळ्या असतात, त्या सिलिंडर. प्रत्येकींत एक दट्ट्या खालींवर होतो. दट्ट्या वर आला म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण ज्या लहानशा जागेंत दाबलें जातें, ती जागा बहुतांशीं हेडाच्या खालच्या अंगाला कोरलेली असते. तेथेंच ठिणगी पडते, तेथेंच स्फोट होतो. मिश्रण आंत घेणारी झडप आणि धूर बाहेर सोडणारी झडप, दोन्ही हेडांतच बसविलेल्या. शिवाय याच हेडांतून पाण्याच्या वाटा काढलेल्या असतात, कारण सगळ्यांत अधिक उष्णता येथेंच निघते. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर एकेका सिलिंडरांत मिनिटाला १,००० स्फोट होतात. आग, पाणी आणि तेल एकमेकांपासून बोटभर अंतरावर नांदतात, आणि त्यांच्यामध्यें असतें तें हेड व ठोकळा यांच्या सांध्यांत घातलेलें एक पातळ पॅकिंग. त्याला हेड गॅस्केट म्हणतात. हेड सपाट आहे तोंवरच त्या गॅस्केटचा उपयोग.

पद्मिनीचा ठोकळा बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचें आहे. ॲल्युमिनियम हलकें आणि उष्णता लवकर टाकणारें, म्हणून तें निवडलें. पण तापल्यावर तें बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. समजा, हेड ४० सेंटिमीटर लांब आहे आणि तें ८० अंशांनीं तापलें. ॲल्युमिनियम सुमारें पाऊण मिलिमीटर वाढतें, खालचें बीड मात्र एक तृतीयांश मिलिमीटरच्या थोडें वर वाढतें. दोघेहि बोल्टांनीं एकत्र जखडलेले. एरवीं हा फरक गॅस्केटच्या अंगावर निभावतो. पण पाणी संपून इंजिन फार तापलें, म्हणजे वाढण्यास वाट न मिळाल्यामुळें हेड मधोमध कमानीसारखें वांकतें, आणि निवाल्यावर पुन्हां पूर्ण सरळ होत नाहीं.

आमचें पाणी कां संपलें, हें सांगण्यास मला संकोच वाटतो. सहा वर्षें मी रेडिएटरमध्यें अंगणांतील बोअरचें पाणी ओतीत होतों. मराठवाड्याच्या खडकांतलें हें पाणी किती जड असतें, तें आमच्या घरांतील भगिनींना पातेल्याच्या बुडावरून ठाऊक आहे. मुलांना मी क्षारांचा धडा शिकविला. मोटारीला मात्र तोच क्षार पाजीत राहिलों. हेड काढून उलटें ठेविलें, तेव्हां पाण्याच्या वाटांचीं तोंडें वाळवी लागलेल्या लाकडासारखीं खाल्लेलीं दिसलीं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरांच्या मध्यें तर गॅस्केट टेकण्यास जेमतेम कड उरली होती. उरलेल्या वाटा पांढऱ्या थरानें अर्ध्या बुजलेल्या.

मिस्त्रींनीं तीन मार्ग सांगितले. आहे तेंच हेड दुरुस्त करणें; मोडींतील गाडीचें वापरलेलें हेड आणणें; किंवा कोठें एखाद्या जुन्या दुकानांत पडून राहिलेलें कोरें हेड शोधणें. चौथा मार्ग म्हणजे सगळें इंजिनच दुसरें घालणें. पण इंजिनाचा नंबर ठोकळ्यावर असतो व तोच नोंदणीपुस्तकांत लिहिलेला असतो, म्हणून तसें करावयाचें तर परिवहन कार्यालयाची परवानगी आणि कागदपत्रें आलीं. हेडावर तसा नंबर नसतो. तें बदलण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं, आणि मला वाटतें, त्यामुळेंच तें निवडतांना माणूस बेसावध राहतो.

मी बेसावध राहिलों. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रस्त्यावर जुन्या गाड्यांच्या भागांचा मोठा बाजार आहे, हें ऐकून होतों. मुंबईस एका लग्नाला गेलों असतां एका दुकानीं पद्मिनीचें हेड मिळालें. वरून रुप्यासारखें लखलखीत, खालचें अंग आरशासारखें. दुकानदारानें सांगितलें, "मास्तर, नुकतंच फेस मारलंय, नेऊन फक्त बसवायचं." साडेपांच हजारांत सौदा ठरला आणि तें चादरींत गुंडाळून मीं आगगाडीनें करमाडला आणलें. मिस्त्रींनीं बसविलें. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. जोरहि पूर्वींपेक्षां अधिक वाटला. वहिनी समाधान पावल्या. मग एके दिवशीं वेरूळला जात असतां दौलताबादच्या पुढच्या घाटांत इंजिनांतून पत्र्याच्या डब्यांत वाटाणे हलवावे तसा आवाज येऊं लागला. चढ जितका अधिक, आवाज तितका मोठा.

या आवाजाचें कारण समजण्यास थोडें गणित लागतें. तें आठवीच्या मुलाला येण्याजोगें आहे. पद्मिनीच्या सिलिंडराचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ७५ मिलिमीटर. यावरून एका सिलिंडराचें घनफळ सुमारें २७२ घन सेंटिमीटर येतें. चारांचें मिळून १,०८९, आणि तोच या इंजिनाचा पुस्तकांत दिलेला आंकडा. दट्ट्या अगदीं वर आल्यावर जी जागा उरते ती समजा ३९ घन सेंटिमीटर आहे. तर खालीं असतांना एकंदर जागा ३११, वर असतांना ३९. म्हणजे मिश्रण आठपट दाबलें जातें. हें दाबाचें प्रमाण. हेडाचा तळ घांसून सपाट केला, ज्याला कारखान्यांत 'फेस मारणें' म्हणतात, कीं ही ३९ ची जागा कमी होते. कोरलेल्या पोकळीचें तोंड सुमारें ३० चौरस सेंटिमीटर धरलें, तर एक मिलिमीटर घांसल्यानें ३ घन सेंटिमीटर गेले. प्रमाण आठावरून साडेआठाच्या वर गेलें. दोन मिलिमीटर घांसलें तर सव्वानऊच्याहि वर.

प्रमाण वाढलें म्हणजे जोर वाढतो, हें खरें आहे, आणि पहिल्या दिवशीं मला वाटला तो जोर खोटा नव्हता. परंतु मिश्रण फार दाबलें गेलें म्हणजे तें तापतें, आणि ठिणगीनें लागलेली ज्वाळा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत पोंचण्याच्या आधींच उरलेलें मिश्रण आपोआप भडकतें. तोच वाटाण्यांचा आवाज. याला मिस्त्री 'नॉकिंग' म्हणतात. तें चालू राहिलें तर दट्ट्याचा माथा भाजतो, गॅस्केट जळतें, आणि शेवटीं दट्ट्याला भोंक पडतें. पेट्रोलच्या या भडकण्यास टिकण्याच्या शक्तीचा आंकडा ऑक्टेन. आपल्याकडील साधें पेट्रोल त्या वेळीं ९१ चें होतें. ठिणगी थोडी उशिरां पाडून नॉकिंग कांहीं प्रमाणांत टाळतां येतें. मिस्त्रींनीं तसें करून पाहिलें; आवाज कमी झाला, आणि त्याबरोबर मिळालेला जोरहि गेला, वर इंजिन अधिक तापूं लागलें.

तेव्हां मला शाळेची प्रयोगशाळा आठवली. विकत घेतलेलें हेड पुन्हां उतरविलें, आणि माझें जुनें हेडहि घांसून धुवून शेजारीं ठेविलें. मुख्याध्यापकांच्या परवानगीनें एक ब्युरेट आणली. जाड, पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्याला एक बारीक भोंक पाडलें. हेड उलटें, समपातळींत ठेवून, झडपा बसवून व ठिणगीचा प्लग लावून, पोकळीच्या कडेला थोडें ग्रीस माखलें आणि तो तुकडा तिच्यावर दाबून बसविला. मग भोंकांतून ब्युरेटनें रॉकेल सोडीत गेलों. हवेचा बुडबुडा राहूं न देतां पोकळी कांठोकांठ भरली कीं ब्युरेटवरचा आंकडा वाचावयाचा. माझ्या जुन्या हेडाच्या चारी पोकळ्या ३५ घन सेंटिमीटरच्या आसपास भरल्या. लखलखीत हेडाच्या पोकळ्या निघाल्या २९, ३०, ३० आणि ३१. गॅस्केटच्या जाडीची जागा साडेचार-पांच घन सेंटिमीटर धरली आणि दट्ट्याचा माथा ठोकळ्याशीं सपाट येतो असें मानलें, तर जुन्याचें प्रमाण पावणेआठाच्या थोडें वर आणि नव्याचें साडेआठ ते नऊच्या थोडें वर, तेंहि प्रत्येक सिलिंडरांत वेगळें. म्हणजे तें हेड कोणीं एकदां नव्हे, दोनतीनदां घांसलेलें होतें, आणि एकदां तरी तिरपें धरून. ज्या चकाकीला मी भुललों, तीच त्याचा दोष सांगत होती.

हा प्रयोग मीं विकत घेण्यापूर्वीं करावयास पाहिजे होता. दुकानांत ब्युरेट कोण नेणार, असें आपण म्हणाल. ब्युरेट नको, औषध मोजण्याची सिरिंज पुरते, आणि तीहि नसेल तर निदान हेडाची जाडी व्हर्नियर कॅलिपरनें चारी कोपऱ्यांवर मोजून आपल्या जुन्या हेडाशीं ताडून पाहावी. जाडींत एक मिलिमीटरचा फरक निघाला तर तें हेड ठेवून यावें. जाड गॅस्केट घालून भरपाई होईल, असें कांहीं मिस्त्री सांगतात. माझ्या बाबतींत ती भरपाई करण्यास जवळजवळ दीड मिलिमीटर अधिक जाड गॅस्केट लागलें असतें. मला तो उपाय पटला नाहीं.

दुसरी तपासणी सपाटपणाची. खरी धार असलेली पोलादी पट्टी हेडाच्या तळावर लांबींत, रुंदींत आणि दोन्ही कर्णांवर उभी धरावी, आणि तिच्या खालून फीलर गेजचें पातळ पान जातें का पाहावें. एवढ्या लहान चार सिलिंडरांच्या इंजिनाला पांच शतांश मिलिमीटर, म्हणजे केंसाच्या जाडीहून थोडी कमी फट चालते, असें बहुतेक मिस्त्री धरतात. माझ्या जुन्या हेडाखालून वीस शतांशाचें पान मधोमध आरपार गेलें. तिसरी गोष्ट भेगांची. त्या बहुधा दोन झडपांच्या बैठकींमध्यें असतात आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाहींत. लाल रंगाचें पातळ औषध लावून, पुसून, वर पांढरी भुकटी फवारली कीं भेगेंतून लाल रेघ वर येते. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे हेडाच्या पाण्याच्या वाटा बंद करून, आंत दाबानें हवा भरून तें गरम पाण्यांत बुडविणें. बुडबुडा खोटें बोलत नाहीं. प्लगचे आटे झिजलेले नाहींत ना, तेंहि बोटानें पाहावें. ॲल्युमिनियमचे आटे मऊ, चुकीचा प्लग तिरपा फिरविला कीं गेले.

झडपांच्या बैठकी हा स्वतंत्र विषय आहे आणि येथें इतिहास थोडा उपयोगी पडतो. पूर्वीं पेट्रोलमध्यें शिशाचें संयुग घालीत. त्याचा थर धुराच्या झडपेच्या बैठकीवर बसून ती झिजण्यापासून वांचत असे. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशांत शिशाचें पेट्रोल बंद झालें, तें योग्यच झालें, कारण शिसें मुलांच्या मेंदूला अपाय करतें. परंतु ज्या जुन्या बिडाच्या हेडांत बैठक त्याच बिडांत कोरलेली आहे, ती त्यानंतर झिजूं लागली. अशा हेडांत कठीण पोलादाच्या कड्या बसवून घ्याव्या लागतात. ॲल्युमिनियमच्या हेडांत बैठकीच्या कड्या मुळांतच निराळ्या ठोकलेल्या असतात, म्हणून पद्मिनीवाल्यांना ती काळजी कमी. त्यांनीं पाहावयाचें तें हें कीं, कडी सैल झालेली नाहीं ना. आणि कुर्ल्यास मिळणारें हेड मुंबईच्या टॅक्सीचें असण्याचा संभव फार. या शतकाच्या आरंभीं त्या टॅक्सी न्यायालयाच्या आदेशानें सी.एन.जी. वायूवर गेल्या. वायू कोरडा, त्याच्यावर वर्षानुवर्षें दिवसरात्र चाललेल्या इंजिनाच्या बैठकी लवकर खोल जातात. मीं आणलेल्या हेडाच्या धुराच्या झडपा बैठकींत इतक्या खालीं रुतल्या होत्या कीं मिस्त्री म्हणाले, "हें तर मुंबई फिरून आलेलं दिसतं." हें सर्व मीं दुकानीं पाहिलें असतें तर दिसलें असतें. दुकानदारावर माझा रोष नाहीं. त्यानें फेस मारलें आहे एवढेंच सांगितलें, आणि तें अक्षरशः खरें होतें.

याच सुमारास माझा पुतण्या पुण्याहून आला. त्याला जुन्या मोटारींचा फार नाद. तो म्हणाला, "काका, उघडलंच आहे तर मोठ्या झडपांचं करून घेऊं. अमेरिकेंत जुन्या गाड्यांना सगळे असंच करतात." त्याचें म्हणणें अगदींच वावगें नव्हतें. अमेरिकेंत साठाच्या आणि सत्तराच्या दशकांत मोठ्या ताकदीच्या ज्या मोटारी निघाल्या, त्यांच्या मालकांना आजहि नवीं हेडें विकत मिळतात, आणि ती निवडण्याची तेथें एक विद्याच झाली आहे. उदाहरणार्थ, शेव्हरोलेट कंपनीनें १९५५ त काढलेल्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाचा ३५० घन इंचांचा प्रकार घ्या. त्याच्या एकेका सिलिंडराचें घनफळ ७१७ घन सेंटिमीटर, म्हणजे आपल्या पद्मिनीच्या अडीचपटीहून अधिक. त्याला ६४ घन सेंटिमीटर पोकळीचें हेडहि मिळतें आणि ७६ चेंहि. गॅस्केट वगैरे बाकीची जागा १२ धरली, तर पहिल्यानें प्रमाण साडेदहाच्या जवळ जातें, दुसऱ्यानें सव्वानऊच्या आंत राहतें. बाहेरून दोन्ही हेडें सारखींच दिसतात, एकाच बोल्टांवर बसतात. तेथेंहि फसणारे फसतात ते याच बारा घन सेंटिमीटरांत.

मोठ्या झडपांविषयीं मात्र मीं पुतण्याला नकार दिला. हवेची वाट रुंद केली कीं इंजिन वेगांत असतांना त्याला पुष्कळ हवा मिळते आणि जोर वाढतो. पण सावकाश चालतांना त्याच रुंद वाटेंतून हवा मंद वाहते, पेट्रोलचे थेंब नीट मिसळत नाहींत, आणि खालच्या वेगांतला ओढ कमी होतो. शर्यतीच्या मोटारीला तें परवडतें. वहिनींची मोटार करमाडाच्या बाजारांतून बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या मागून दुसऱ्या गिअरमध्यें चालते. तिला चाळीस मैलांच्या आंतलाच जोर हवा. शिवाय हेडानें वाढविलेला जोर पेलण्यास ब्रेक, क्लच आणि रेडिएटर तेच जुने. पुतण्या थोडा हिरमुसला, पण त्यानेंच पुढें एक चांगलें काम केलें. ॲल्युमिनियमचें आर्गॉन वेल्डिंग उत्तम करणारा कारागीर पुण्यांत शोधून दिला.

कोरें हेड शोधण्याचा प्रयत्नहि केला. एक मिळालें, पण किंमत वापरलेल्याच्या चौपट, आणि दुकानदार पोकळी मोजूं देईना. जो भाग मोजूं दिला जात नाहीं तो कोरा असला तरी घेऊं नये, असें माझें मत तोंवर बनलें होतें. शेवटीं निर्णय झाला तो आमचें जुनेंच हेड दुरुस्त करण्याचा. त्याच्या बाजूनें एक मोठी गोष्ट होती : त्याचा सगळा इतिहास आम्हांला ठाऊक होता. बंधूंच्या हस्ताक्षरांतील वहींत त्याच्या प्रत्येक दुरुस्तीची तारीख होती, आणि फेस मारल्याची नोंद १९९७ सालची एकच.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधीं भेगांची परीक्षा, कारण दोन बैठकींच्या मध्यें खोल भेग निघाली तर पुढचा खर्च व्यर्थ. मग खाल्लेलीं तोंडें खरवडून, हेड भट्टींत हळूहळू तापवून वेल्डिंगनें भरलीं. नंतर वांक काढला. त्यानंतर सैल झालेल्या दोन कड्या काढून नव्या ठोकल्या, कारण वेल्डिंगच्या उष्णतेनें कड्यांची पकड जाते. अगदीं शेवटीं फेस मारलें, तेंहि पट्टीखालून पान जाणार नाहीं इतकेंच, त्याहून एक केंसहि अधिक नाहीं. फार तापलेलें ॲल्युमिनियम मऊ पडतें आणि बोल्टाखालीं दबतें, म्हणून कारागिरानें त्याच्या यंत्रावर कठीणपणाहि पाहिला. परत आल्यावर मीं पुन्हां ब्युरेट लावली. पोकळ्या ३४ च्या आसपास, चारींत अर्ध्या घन सेंटिमीटरचा फरक. एकंदर खर्च वापरलेल्या हेडाच्या किंमतीहून सव्वादोन हजारांनीं अधिक आला. पण ते साडेपांच हजार आधींच गेलेले असल्यामुळें हा हिशेब मीं वहिनींना एकत्र सांगितला नाहीं. त्यांनीं तो वहींतून स्वतःच काढला.

बसवितांना दोन पथ्यें पाळलीं. ठोकळ्याचा माथाहि त्याच पट्टीनें तपासला. हेड सपाट आणि ठोकळा खड्ड्यांचा असेल तर नव्या गॅस्केटचा कांहीं उपयोग नाहीं. बोल्टांच्या भोंकांत तेल किंवा पाणी सांचलेलें नसावें, नाहींतर बोल्ट आवळला गेल्यासारखा वाटतो आणि हेड मात्र दबत नाहीं. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूंस, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानें आवळले. हाताच्या अंदाजावर मिस्त्रींचा विश्वास होता. मीं पाना भाड्यानें आणला. मग झडपांतील फट पुन्हां लावली, कारण हेड किंचित् जरी पातळ झालें तरी झडपा उचलणाऱ्या दांड्यांचें अंतर बदलतें. शेवटीं चारी सिलिंडरांचा दाब गेजनें मोजला. सर्वांत अधिक आणि सर्वांत कमी यांत दहांत एकाहूनहि कमी फरक निघाला. दाब प्रत्येक सिलिंडरांत किती आहे त्यापेक्षां तो चारींत सारखा आहे का, हें अधिक पाहावें.

पेट्रोलमध्यें आतां वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. त्यानें नॉकिंग वाढत नाहीं, उलट कमी होतें. पण जुन्या कार्बुरेटरमधील रबर आणि बूच त्यानें फुगतें. हेडासाठीं गाडी उघडलीच होती, म्हणून त्या नळ्याहि बदलून घेतल्या. रेडिएटर रासायनिक द्रावणानें धुवून घेतला. त्यांत आतां शुद्ध केलेलें पाणी आणि कूलंट अर्धें-अर्धें असतें. बोअरच्या नळाची रबरी नळी अंगणांतून मीं मुद्दाम गुंडाळून वर ठेविली आहे.

दिवाळीपूर्वीं तपासणी झाली आणि नोंदणी २०२९ पर्यंत वाढून मिळाली. पहिले ५०० किलोमीटर झाल्यावर, इंजिन रात्रभर निवूं देऊन, सकाळीं बोल्ट त्याच क्रमानें पुन्हां एकदां आवळले. दोन बोल्टांनीं पाव फेरा घेतला. लखलखीत हेड शाळेच्या प्रयोगशाळेंत ब्युरेटच्या कपाटाखालीं ठेविलें आहे. त्याच्या चार पोकळ्यांवर मीं रंगानें २९, ३०, ३०, ३१ असे आंकडे घातले आहेत, आणि नववीचीं मुलें तीं मोजून ताडा पाहतात. एका मुलीचें उत्तर तिसऱ्या पोकळीला साडेतीस आलें. तिचें बरोबर होतें. मीं आंकडा बदलला.